हाती पाना आला की

लाँगबोर्डवर, म्हणजे लांब स्केटबोर्डवर, उभ्या असलेल्या माणसाच्या हातात पाना द्यायचा नसतो. दिला की तो किंगपिनचा, म्हणजे चाकांच्या सांगाड्यातल्या मुख्य बोल्टचा, नट पिळणारच. फळी वळत नाही? नट सैल. फळी थरथरते? नट घट्ट. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, यातलाच हा प्रकार, कारण दुखणं बहुतेक वेळा बुशिंगमध्ये, म्हणजे त्या बोल्टवर ओवलेल्या रबरासारख्या कड्यांमध्ये, असतं.

चाकांच्या सांगाड्याला ट्रक म्हणतात, एक पुढे आणि एक मागे. प्रत्येक ट्रकमध्ये युरेथेनची दोन बुशिंग बसतात, एक फळीकडे आणि एक रस्त्याकडे. आपण झुकलो की हँगर, म्हणजे चाकांचा आस धरणारा भाग, त्यांना दाबतो, ती परत ढकलतात, आणि या ओढाताणीलाच आपण ‘वळण’ म्हणतो. नटाचं काम सुरुवातीचा जेमतेम दाब देण्याचं. तो हौसेने आवळत गेलात की बुशिंगचं पोट सुटतं, वॉशरची कड त्यात रुतते आणि फळी मधोमध खांबासारखी ताठ उभी राहते. जोर लावून झुकावं तर एकदम कलंडते. थोड्या दिवसांनी बुशिंगला चीर. उलट फारच सैल सोडलात तर हँगर खडखडतो आणि नटातल्या नायलॉनला आटे पकडता येत नाहीत. नटाच्या बाहेर किंगपिनचे एक-दोन आटे दिसलेच पाहिजेत.

बुशिंगचा कडकपणा आकड्यात मोजतात: ७८ए मऊ, ९५ए चांगलंच कडक. इथे माणसाची खरी परीक्षा होते, कारण निवड वजनावर करायची असते. डॉक्टरला सांगतो ते वजन चालत नाही. बूट, हेल्मेट, पाठीवरची पिशवी सगळं धरून जे भरेल ते. नागमोडी कार्व्हिंगसाठी ७० किलोच्या आसपास असाल तर ८५-८७ए पासून सुरुवात करा. चार किलो लपवलेत तर पहिल्याच वळणावर फळी चुगली करेल.

आकाराचंही तसंच. कार्व्हिंगला फळीकडे बॅरल (पिंपासारखं सरळ बुशिंग) आणि रस्त्याकडे कोन (शंकूसारखं निमुळतं), सोबत चपटे वॉशर. उतारावर वेगात जायचं तर दोन्हीकडे बॅरल आणि कडा वळलेले वाटीचे वॉशर. वाटी बुशिंगला पसरू देत नाही, म्हणून तेच बुशिंग जास्त कडक वाटतं. कोनाचं बॅरल झालं किंवा वॉशर बदलला की अख्खा स्वभाव बदलतो. नटाला हे जन्मात जमणार नाही.

वेगात फळी थरथरायला लागली की लोक पुढचा ट्रक आवळतात. गंमत अशी की बहुतेकदा दंगा मागचा करत असतो. मागून स्टिअरिंग जास्त झालं की शेपूट कुत्र्याला हलवू लागतं. म्हणून मागचं बुशिंग पुढच्यापेक्षा कडक घ्या, किंवा बेसप्लेटच (ट्रकचा फळीला जोडलेला तळ) पुढे ५० अंशांची आणि मागे ४० किंवा त्याहून कमी ठेवा. आणि वजन पुढच्या पायावर. घाबरलेला माणूस नेमका मागे झुकतो, ही वेगळी अडचण.

मऊ बुशिंग आणि मोठी चाकं असा जोडा जमला की चाक फळीला चावतं. जागच्या जागी फळी पूर्ण झुकवून बघा. टेकत असेल तर फळी आणि ट्रकच्या मध्ये ३ किंवा ६ मिलिमीटरचा रायझर, म्हणजे जाड चकती, घाला आणि बोल्ट तेवढ्यानेच जास्त लांब घ्या.

नवीन जोडी बसवताना नट हातानेच फिरवत न्या. वॉशर हलायचा थांबला की पान्याने अर्धा फेरा. नंतरचे फेरफार पाव-पाव फेऱ्यानेच, एका वेळी एकाच ट्रकवर. दोन्ही एकदम पिळले की गुन्हेगार कोण ते कळत नाही. दोन-तीन दिवस चालवल्यावर बुशिंग बसतं, मग आणखी पाव फेरा मागतं. तेवढा द्या.

राहता राहिली वळताना येणारी करकर. ती पिव्हट कपची, जिथे हँगरचं टोक बसतं तिथली. तेल नको, धूळ चिकटते. हँगर काढून कपात कोरड्या साबणाचा चुरा टाकायचा, बस. पण करकर ऐकू आली की लोक काय करतात, ते सांगायला नकोच. नट आवळतात.