टेरेसला हीटर पाहिजे

मागच्या डिसेंबरात मेव्हणीच्या अ‍ॅनिव्हर्सरीला आम्ही गंगापूर धरणाच्या बाजूला एका वायनरीत जेवायला गेलो होतो, तिथे लॉनवर स्टीलच्या मोठ्या छत्रीसारखं काहीतरी उभं होतं आणि त्याच्याखालची माणसं चक्क स्वेटर काढून बसली होती. आमच्या टेबलापाशी ते नव्हतं. बायकोने सूप कमी प्यायलं आणि छत्रीकडे जास्त बघितलं, तेव्हाच मला कळायला हवं होतं. गाडीत बसल्या बसल्या म्हणाली, "अहो, आपल्या टेरेसवर असलं एक मस्त दिसेल." मस्त दिसेल! ऊब वगैरे नंतर.

आमचं टेरेस म्हणजे रो-हाउसची गच्ची. अर्ध्या भागावर फायबरचे पत्रे, एक झोपाळा, चार कुंड्या आणि आईचे वाळवणाचे प्लॅस्टिकचे कागद. एरवी सगळे गच्चीच म्हणतात, पण हीटरचा विषय निघाल्यापासून तिचं टेरेस झालं आणि ऑनलाइन शोधताना पॅटिओ झाला. एकदा का 'पॅटिओ हीटर' टाइप केलं की मोबाइल तुम्हाला दुसरं काही दाखवतच नाही, निफाडचा पारा घसरल्याची बातमी वाचायला जावं तर मध्ये हीटर, पंचांग बघायला जावं तर मध्ये हीटर. रिव्ह्यू वाचून तर डोकं अजूनच फिरतं. एका भल्या माणसाने 5 स्टार देऊन लिहिलं होतं, 'अजून उघडून बघितला नाही, पॅकिंग छान आहे.'

तर ती छत्री गॅसवर चालते. उंची सात-सव्वासात फूट, आणि फुल ठेवली तर तासाला जवळपास 1 किलो गॅस पिते. मी हिशोब केला. घरगुती सिलेंडरमध्ये 14.2 किलो गॅस, म्हणजे जो सिलेंडर आम्हाला दीड महिना जातो, कुकर, पोळ्या, दिवाळीचा फराळ सगळं धरून, तो वर 14 तासांत संपणार. आई म्हणाली, "एवढ्यात मी शंभर माणसांच्या पुरणपोळ्या करून देईन." सिलेंडर आणणाऱ्या दादाला सहज विचारलं तर तो माझ्याकडे असा बघायला लागला की मी गॅस चोरायचाच प्लॅन सांगतोय. "साहेब, लाल सिलेंडर स्वयंपाकाला. आणि भरलेला 30 किलोचा असतो, गच्चीवर मी नाही चढवणार." दोन्ही मुद्दे बिनतोड होते, दुसरा जास्त. त्यात आमचे पत्रे 8 फुटांवर, म्हणजे छत्रीच्या डोक्यापासून जेमतेम वीतभर. फायबर वितळून झोपाळ्यावर ठिबकलं असतं.

मध्येच भाच्याचा फोन आला, तो फ्रान्समध्ये असतो. म्हणाला मामा, इकडे 2022 पासून हॉटेलांच्या उघड्या टेरेसवर हीटर लावायला बंदी आहे, रस्ता गरम करण्यात एनर्जी वाया जाते म्हणून. मला वाटलं चला, सुटलो, हे घरात सांगतो. बायकोने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग त्यांचे जुने स्वस्तात मिळतात का विचारा ना त्याला."

सासऱ्यांची निफाडकडे द्राक्षबाग. त्यांना सांगायची मला खरं तर लाज वाटत होती, पण बायकोने सांगितलंच. ते म्हणाले, "जावईबापू, पारा उतरला की आम्ही पहाटे 3 ला उठून बागेत शेकोट्या पेटवतो, मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून. तुम्हाला कुठं तडे चाललेत?" यावर जावयाने काय बोलायचं असतं ते मला अजून सुचलेलं नाही.

मग राहिला इलेक्ट्रिकचा. भिंतीवर लावायचा, लालभडक पेटणारा, इन्फ्रारेड. तो म्हणे हवा तापवत नाही, समोर जे असेल ते थेट तापवतो, म्हणून वारा आला तरी फरक पडत नाही. ही मला एकदम पटण्यासारखी गोष्ट वाटली (नंतर कळलं की 'समोर जे असेल ते' हे शब्द नीट वाचायला हवे होते). मग आयपी रेटिंग. मला आयपी म्हणजे कॉम्प्युटरचा पत्ता एवढंच माहीत. आमच्या इलेक्ट्रिशियनने समजावलं, "44 म्हणजे शिंतोडे चालतील, 65 म्हणजे पाइपने पाणी मारलं तरी चालेल." बायको म्हणाली 65 घ्या, कुंड्यांना पाणी घालताना आई कुठेही पाइप फिरवतात. आईने ऐकलं. त्या रात्री भाजीत मीठ नव्हतं.

1500 वॅटचा घेतला. तो आल्यावर इलेक्ट्रिशियनने गच्चीवरचा पॉइंट टेस्टर लावून बघितला आणि डॉक्टर एक्स-रे बघून करतात तसा "हंऽऽ" केला. पॉइंट 6 अँपिअरचा, दिवाळीच्या माळांसाठी टाकलेला. याला 16 चा लागणार, वायर वेगळी ओढायची, खालच्या बोर्डापासून, केसिंग पट्टीतून. म्हणजे हीटर 6 हजारांचा आणि त्याला वरपर्यंत करंट पोचवायला साडेतीन हजार, शिवाय हॉलच्या नवीन पेंटवर एक पांढरी पट्टी, जी आता पाहुण्यांना दिसू नये म्हणून तिच्यापुढे मनीप्लांट ठेवलाय.

जानेवारीतल्या एका शनिवारी उद्घाटन. मेव्हणी, साडू, त्यांची पोरं, हुरडा, शेंगदाण्याची चटणी, सगळा थाट. हीटर लावला आणि दोन मिनिटांत सगळे एका लायनीत, भिंतीकडे तोंड करून, सिनेमाला बसल्यासारखे! कारण तो समोरचंच तापवतो. छाती शेकतेय आणि पाठीतून गोदावरी वाहतेय. साडू दर पाच मिनिटांनी उठून वळून बसायचे, वांगं भाजताना फिरवतो तसे. एकमेकांची तोंडंच दिसत नव्हती, त्यामुळे गप्पा भिंतीशी. साडेनऊला साडू म्हणाले, "खाली हॉलमध्ये बसू या का?" आणि आयुष्यात पहिल्यांदा माझं आणि त्यांचं एकमत झालं.

मला वाटलं विषय संपला. तर पुढच्या आठवड्यात सुट्टी होती म्हणून अकराच्या सुमाराला सहज गच्चीवर गेलो, आणि बघतो तर हीटर चालू. खाली चटईवर आई, शेजारच्या काकू आणि कोपऱ्यावरच्या आजी, तिघी पाय लांब करून, पातळं गुडघ्यापर्यंत घेऊन, डोळे मिटून बसलेल्या. काकूंनी सांगितलं, फिजिओथेरपीवाल्याकडे अगदी असाच लाल दिवा असतो, एका सिटिंगचे 300 घेतो. आजी म्हणाल्या, "जरा डावीकडे करतोस का रे, माझा डावा जास्त दुखतो."

मी हीटर डावीकडे केला. मग न राहवून म्हणालो, "आई, अगं दोन पावलांवर एवढं फुकटचं ऊन पडलंय, तिथे बसा की. मीटर पळतोय इकडे."

आईने डोळेही उघडले नाहीत.

"ऊन काय रे, ते सगळीकडे पडतं. हे बरोबर गुडघ्यावर पडतं."