आजीला पर्सनल स्टेटमेंटमधून जरा सुट्टी द्या

मे महिना जवळ आला की माझ्या इनबॉक्समध्ये दोनच गोष्टी येतात, मंडळाच्या कार्यक्रमाची तिकिटं आणि ओळखीपाळखीच्या मुलांची मेडिकल स्कूलची पर्सनल स्टेटमेंट्स, म्हणजे ॲडमिशनच्या अर्जासोबतचा "मला डॉक्टर का व्हायचंय" हा निबंध. मी इथे अमेरिकेत न्यू जर्सीत फॅमिली मेडिसिनची प्रॅक्टिस करते, ॲडमिशन कमिटीवर वगैरे अजिबात नाहीये, पण "ताई, जरा नजर टाक ना" म्हटलं की नाही म्हणवत नाही. तर इतकी वर्षं नजर टाकून टाकून एक मत पक्कं झालंय ते आज लिहूनच टाकते, कुणाला झोंबलं तर झोंबू दे.

आपल्या मुलांच्या बहुतेक ड्राफ्टमध्ये पहिल्याच पॅराग्राफला आजी आजारी पडते. उन्हाळ्याची सुट्टी, सांगली किंवा सातारा, आयसीयूबाहेर उभं असलेलं दहा वर्षांचं पोर, आतून मॉनिटरचा बीप बीप, आणि त्या क्षणी मी ठरवलं की मी डॉक्टर होणार. अरे बाळा, दहा वर्षांचा होतास तू, त्या क्षणी तुला फार तर भूक लागली असेल. आजीवर तुझं प्रेम होतं हे खरंच आहे, पण ते प्रत्येकाचंच असतं की. आजी गेली म्हणून वाईट वाटणं वेगळं आणि रोज अनोळखी आजारी माणसांमध्ये काम करावंसं वाटणं वेगळं, कमिटीला ह्यातलं दुसरं वाचायचं असतं.

आणि हे फक्त आपल्याकडे असं नाही हां. ब्रिटनमध्ये २००७ साली यूकॅसने (तिकडचे युनिव्हर्सिटी प्रवेशाचे अर्ज घेणारी संस्था) ॲप्लिकेशन्स सॉफ्टवेअरमधून तपासली तर २३४ जणांनी तोच किस्सा लिहिलेला, आठव्या वाढदिवसाला केमिस्ट्री सेटशी खेळताना पायजम्याला भोकं पडली आणि तेव्हापासून विज्ञानाची गोडी लागली! २३४ पायजमे! नेटवरच्या एका सँपल स्टेटमेंटवरून उचललेला होता म्हणे. आता तर तिकडे २०२६ च्या प्रवेशापासून सलग निबंधच काढून टाकलाय, तीन ठरावीक प्रश्न आणि मिळून ४००० कॅरेक्टर्स.

इथे अमेरिकेत एएमकॅसवर, म्हणजे मेडिकल स्कूल्सच्या सामायिक अर्जावर, मिळतात ५३०० कॅरेक्टर्स, स्पेस धरून. म्हणजे जेमतेम दीड पान. आणि प्रश्न एकच, मेडिकल स्कूलला का जायचंय. बाकी जे काही केलंय त्याला वेगळी जागा आहे, १५ ॲक्टिव्हिटीज, प्रत्येकीला ७०० कॅरेक्टर्स, त्यातल्या तीन महत्त्वाच्या असतील तर आणखी १३२५. तरीही आईबाबांचा हट्ट असतो की रोबोटिक्सचं बक्षीस, भरतनाट्यमचं अरंगेत्रम, स्पेलिंग बी सगळं ह्याच दीड पानात कोंबा. मला त्यांचा राग येत नाही खरं तर. आपण बारावीला पीसीबीचे मार्क घेऊन लाइनीत उभे राहिलेलो लोक, आताची तिकडची पोरं नीटच्या ७२० पैकी किती ह्यावर उभी राहतात, "तुला डॉक्टर का व्हायचंय" हे आपल्याला कधी कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर माझ्याकडे तरी उत्तर नव्हतं.

दुसरा आवडता प्रकार म्हणजे मामाचं हॉस्पिटल. सुट्टीत कोल्हापूरला गेला, मामाने कौतुकाने ऑपरेशन थिएटरमध्ये घेतलं, टाका घालायला दिला, भाच्याने अभिमानाने लिहिलं "आय असिस्टेड इन अ सिझेरियन". मंडळी, हे वाचून इथे कुणी टाळ्या वाजवत नाही. ट्रेनिंग नसताना पेशंटला हात लावला हाच अर्थ निघतो, एएएमसीच्या (अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांची संघटना) परदेशातल्या क्लिनिकल अनुभवांबद्दल चक्क गाइडलाइन्स आहेत की तुम्हाला इथे जे करायची परवानगी नाही ते तिकडे जाऊनही करू नका. मामाला नमस्कार करा आणि नुसतं बघा.

मग लिहायचं काय? एका मुलीचा ड्राफ्ट सांगते (ओळख पटेल असं सगळं काढून). दीड पानात सव्वा पान आजी. शेवटी तीन ओळी अशा की ही गावातल्या व्हॉलंटिअर ॲम्ब्युलन्सवर ईएमटी (प्रथमोपचाराचं ट्रेनिंग घेतलेली कर्मचारी) आहे आणि एक म्हाताऱ्या बाई सारख्या पडायच्या, त्यांना उचलून बसवायला हे लोक जायचे. मी फोन करून विचारलं, मग पुढे? तर म्हणाली, काही नाही, एकदा बाकीचे बीपी बघत होते तेव्हा मी किचनमधल्या औषधांच्या बाटल्या बघितल्या, एकीवर मेटोप्रोलॉल, दुसरीवर लोप्रेसर, दोन वेगळ्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या, बाई दोन्ही घेत होत्या. अगं एकच बीपीचं औषध ते, लोप्रेसर हे नुसतं ब्रँडचं नाव! नाडी मंद, बीपी खाली, उभं राहिलं की चक्कर. हिने ते आपल्या क्रू चीफला दाखवलं, त्याने हॉस्पिटलला कळवलं. आणि ही बया ते लिहीत नाहीये, कारण "त्यात मी काही मोठं केलं नाही". मी म्हटलं उलटं कर, बाटल्या वर आण आणि त्या दिवशी घरी जाताना डोक्यात काय चाललं होतं ते लिही. तिने लिहिलं की बाई पडल्या की आम्ही उचलतो, पण त्या पडतात का हे बघणं आमचं काम नाही, आणि मला तेच करायचंय. झालं की उत्तर!

दोन दिवसांनी तिच्या बाबांचा फोन, "ताई, सगळं छान झालंय, पण ह्यात आमची आई कुठे गेली?"

आता नवीन फॅशन एआयची. वाक्यं गुळगुळीत, प्रत्येक पॅराग्राफच्या शेवटी एक सुविचार, आणि पेशंट कुठल्याही गावचा वाटावा असा. एएएमसी म्हणते विचार सुचवायला, प्रूफरीडिंगला, एडिटिंगला वापरा, पण शेवटी जे पाठवाल ते तुमचं स्वतःचं असलं पाहिजे, तसं सर्टिफायसुद्धा करावं लागतं. शिवाय इंटरव्ह्यूत त्यावरच प्रश्न विचारले की पोर गप्प.

एक लक्षात ठेवा, एकदा सबमिट झालं की निबंध बदलता येत नाही. ॲप्लिकेशन मेच्या शेवटाला, जूनच्या सुरुवातीला जातात, तेव्हा मला ड्राफ्ट पाठवायचाच असेल तर एप्रिलमध्ये पाठवा, आदल्या रात्री नको. आणि मेल मुलानेच करायचा, बाबांनी त्याच्या अकाउंटवरून नाही, मला कळतं.