तीन बोटांची परीक्षा

तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणाऱ्याचं तोंड किती आखडलं हे पाहायला यंत्र लागत नाही. त्याचीच तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घालायला सांगायची. गेली तर ठीक. दोनावरच अडली, तर सुपारीनं आपलं काम केलं असं समजून तालुक्याला पाठवायचं. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या उपकेंद्रात मी ही परीक्षा इतक्यांची घेतली की, मी दिसले की गावातली पोरं खर्र्याची पन्नी खिशात कोंबतात.

२० मार्चला जागतिक मौखिक आरोग्य दिन असतो. शाळेच्या ओट्यावर कार्यक्रम ठेवला होता. आदल्या रात्री बाळंतपण. पहाटे साडेतीनला बाळ रडलं, मी गोड चहात चार बिस्किटं बुडवून खाल्ली आणि तिथंच आडवी झाले. ब्रश क्वार्टरमध्ये होता. क्वार्टर पन्नास पावलांवर. खालची डावी अक्कलदाढ तीन दिवस ठणकत होती, तिच्यावर लवंग दाबून ठेवली होती. लवंग म्हणजे डॉक्टरकडे न जाण्याचा परवाना.

सकाळी माइकवर मी जोरात. दोन वेळा, दोन-दोन मिनिटं, फ्लोराइडची पेस्ट, तीन महिन्यांनी नवा ब्रश! (माझा ब्रश तेव्हा कापूस वेचून झालेल्या पऱ्हाटीसारखा दिसत होता.) मग म्हटलं, "आता पाहा, तीन बोटं अशी..."

दोन गेली. तिसरी जाईना. ढकलून पाहिली, डोळ्यांत पाणी आलं.

पुढच्या रांगेतली, गुडाखूनं, म्हणजे तंबाखूच्या लगद्यानं, दात घासणारी आजी ओरडली, "अवो सिस्टर, तुमी बी खर्रा खाता काय?"

मुलं हसली. मुख्याध्यापकांनी खिशावर हात ठेवला. का, ते मला ठाऊक आहे.

दुसऱ्याच दिवशी तालुक्याला गेले. दंतवैद्य माझ्याहून दहा वर्षांनी लहान. विचारलं, "रात्री ब्रश करता?"

"कधी कधी राहून जातो."

बीपीच्या गोळ्यांबद्दल पेशंट मला हेच सांगतात. माझ्या रजिस्टरात 'कधी कधी'चा अर्थ 'कधीच नाही' असा असतो. तिच्याही असावा, कारण ती नुसती "हं" म्हणाली. मग सांगितलं, दाढ अर्धीच वर आली आहे, तिच्यावर हिरडीची झाप आहे, झापेखाली अन्न अडकून पिकलं, म्हणून जबडा उघडत नाही. झापेखालून तिनं पिचकारीनं धुऊन काढलं ते बिस्किट होतं की त्याआधीचं काही, मी विचारलं नाही. "सूज उतरली की दाढ काढू. अक्कलदाढ पुरती आलीच नाही तुमची."

सोबत आलेली आशाताई यावर जरा जास्तच हसली.

परतताना अॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरदादांनी गाडी हळू केली. आरशात पाहत, आवाज खाली आणून म्हणाले, "सिस्टर, लाजू नका. माहा बी सुटत नाही. कधी पन्नी लागली तर सांगजा."

तोंडात कापूस होता. नाही म्हणता आलं नाही.