‘डॉक्टर कोण याने फरक पडत नाही’ हे खरं नाही

लग्नसराई जवळ आली की गोव्यातल्या मोबाइलवर एक संदेश फिरायला लागतो. स्किन क्लिनिक कसं निवडावं, याचे सल्ले त्यात असतात. नवं परदेशी मशीन असेल तिथे जा, हल्ली सगळं मशीनच करतं, डॉक्टर कोण याने फरक पडत नाही. गोव्यातल्या डॉक्टरपेक्षा मुंबई-बेंगळुरूच्या साखळीची शाखा बरी. आधी-नंतरचे फोटो आणि ऑनलाइन रेटिंगचे स्टार बघा. रंग उजळण्याची इंजेक्शनं सुरक्षित आहेत, लग्नाच्या महिनाभर आधी घ्या. फोंडा, डिचोली, पेडण्यातल्या आया-मावश्या हा संदेश लग्न ठरलेल्या मुलींना पुढे पाठवतात, आणि त्यांच्या मनात चांगलंच असतं. म्हणून गप्प राहवत नाही.

मशीनपासून सुरुवात करू. नको असलेले केस काढण्याचा लेझर घ्या. केसाच्या मुळाशी असलेलं मेलॅनिन, म्हणजे काळा रंग देणारं द्रव्य, लेझरचा प्रकाश शोषून घेतं, तापतं आणि मूळ जळतं. पण हेच मेलॅनिन आपल्या सावळ्या कातडीतही भरपूर असतं. सेटिंग चुकलं तर मुळाबरोबर कातडी भाजते, आणि आपल्या रंगाच्या त्वचेवर भाजल्याचा काळा डाग महिनोन्‌महिने जात नाही. 1064 नॅनोमीटरचा लाँग-पल्स्ड एनडी-याग लेझर सावळ्या त्वचेला तुलनेने सुरक्षित मानतात, कारण त्याचा किरण वरच्या थरात कमी अडकतो आणि खोल जातो. तरीही ऊर्जा किती ठेवायची, पल्स म्हणजे प्रकाशाचा झटका किती लांब, गार किती करायचं, हे समोरची त्वचा बघून माणसानेच ठरवायचं असतं. गोव्यात तर आणखी एक गोष्ट आहे, ऊन. रोज स्कूटरवरून ये-जा करणाऱ्या, दोन दिवस किनाऱ्यावर काढून आलेल्या किंवा जत्रेत दिवसभर उभ्या राहिलेल्या मुलीची त्वचा रापलेली असते. त्या दिवशी लेझर मारणं धोक्याचं. अशा वेळी ‘आज नको, दोन-चार आठवड्यांनी या’ म्हणणारा डॉक्टर स्वतःची फी सोडतो आणि तुमचा चेहरा वाचवतो. मशीन कधीच नाही म्हणत नाही.

‘एकाच सिटिंगमध्ये कायमचे केस जातात’ हेही त्याच संदेशातलं. लेझर वाढीच्या अवस्थेतल्या केसांवरच काम करतो आणि सगळे केस एकाच वेळी त्या अवस्थेत नसतात, त्यामुळे काही आठवड्यांच्या अंतराने अनेक सिटिंग लागतात. तेव्हाही केस कमी होतात, सगळेच जातील अशी हमी नसते. हनुवटीवर राठ केस आणि सोबत पाळीची अनियमितता असेल तर पीसीओडीची, म्हणजे अंडाशयाशी निगडित हार्मोनच्या बिघाडाची, तपासणी आधी व्हायला हवी. ती न सुचवता थेट पॅकेज पुढे करणाऱ्यांकडे जाऊ नये.

मग डॉक्टर ओळखायचा कसा? नावापुढची अक्षरं वाचा. त्वचारोगातली एम.डी., डी.एन.बी., डी.डी.व्ही.एल. किंवा जुनी डी.व्ही.डी.; प्लास्टिक सर्जन असेल तर एम.सीएच. ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ ही या पदव्यांसारखी मान्यताप्राप्त वैद्यकीय पदवी नाही. थोड्या दिवसांचा कोर्स केलेली व्यक्तीही ती पाटी लावते. 2022 साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने केस प्रत्यारोपणाबद्दलच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं की कार्यशाळा किंवा यूट्यूब बघून घेतलेलं शिक्षण असे उपचार सुरू करायला पुरेसं नाही. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. आणि पाटीवरचे डॉक्टरच सुई किंवा लेझर हातात धरणार आहेत का, हेही विचारा.

मोठ्या शहराच्या शाखेचं म्हणणं तर मला उलटंच वाटतं. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात त्वचारोग विभाग आहे, तिथे एम.डी. शिकवली जाते, म्हणजे गोव्यात त्वचेचे डॉक्टर घडतात. साखळीच्या जाहिरातीतले नामांकित डॉक्टर महिन्यातून एकदा येत असतील, तर तिसऱ्या दिवशी फोड आल्यावर दाखवायचं कुणाला? फिलरमध्ये, म्हणजे ओठ-गाल भरीव दिसावेत म्हणून टोचायच्या जेलमध्ये, तर हा प्रश्न तासांचा असतो. फिलर रक्तवाहिनीत गेलं की कातडी पांढुरकी किंवा जाळीदार निळसर होते, दुखते, आणि क्वचित दृष्टीही जाते. हायलुरॉनिक अ‍ॅसिडचं फिलर विरघळवणारं हायलुरोनिडेज ताबडतोब द्यावं लागतं. ते क्लिनिकमध्ये ठेवलेलं आहे का, एवढा एक प्रश्न विचारा आणि समोरच्याचं उत्तर ऐका.

फोटो आणि स्टार यांवर फार शब्द नकोत. प्रकाश बदलला की वांग फिकं दिसतं, आणि ज्यांचं बिघडलं ते फोटोत नसतात.

गोरेपणाच्या इंजेक्शनांबद्दल मात्र मला चीड आहे. ग्लुटाथायोनची इंजेक्शनं रंग उजळतात आणि ती सुरक्षित आहेत, याला भक्कम पुरावा नाही. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने त्वचा उजळण्यासाठी एकाही इंजेक्शनला मान्यता दिलेली नाही. यापेक्षा जास्त नुकसान ‘नाइट क्रीम’ म्हणून डबीत भरून मिळणाऱ्या, नाव नसलेल्या मलमांनी होतं. त्यांत स्टेरॉइड असलं तर पंधरा दिवस चेहरा तुकतुकीत दिसतो, मग कातडी पातळ होते, लाल होते, मुरमं आणि लव येते, ऊन सोसवत नाही. बंद केलं की भडका उडतो, म्हणून मुलगी पुन्हा तेच लावते. आपल्याकडच्या दमट हवेत गजकर्णावर हीच मलमं चोळली की ते पसरतं. 2018 साली केंद्र सरकारने स्टेरॉइडची अनेक मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे ती चिठ्ठीवरच मिळायला हवीत. औषधाचं नाव लिहून न देणाऱ्या क्लिनिकमधून सरळ उठून या. आणि सावळ्या मुलीला ‘लग्नाआधी जरा उजळ हो’ म्हणणं घरातल्यांनीही थांबवावं. तिच्या त्वचेला कसलाही आजार नाही.

कुणाचा चेहरा आधीच भाजला असेल, तर त्याच क्लिनिकचं मलम लावत वाट बघू नका. फोटो काढा, बिल आणि उपचाराचे कागद मागून घ्या, बांबोळीच्या ओपीडीत किंवा दुसऱ्या त्वचारोगतज्ज्ञाला लगेच दाखवा. नोंदणीकृत डॉक्टरविरुद्ध गोवा मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करता येते, आणि भरपाईसाठी दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं.