क्रॅशकर्नलचं 'लो' शून्य करू नका

भाच्याच्या ऑफिसमधल्या ग्रुपवरचा मेसेज फिरत फिरत माझ्याकडे आला: 'नवीन कर्नलमध्ये क्रॅशकर्नलला फॉलबॅक आलाय. क्रॅश झाला की कर्नल जागा आपोआप शोधतो. हाय लावा, लो शून्य करा, 256 एमबी वाचवा. तशीही ती रॅम वायाच जाते.' खाली त्याचा प्रश्न: 'मामा, सर्व्हरवर टाकू का?' अजिबात नको. क्रॅशकर्नल म्हणजे लिनक्सच्या कर्नलला (सिस्टीमच्या गाभ्याला) बूट होताना दिलेली सेटिंग: थोडी रॅम दुसऱ्या, सुटे कर्नलसाठी राखून ठेव. पहिला कोसळला की दुसरा उठतो आणि मेमरीची नक्कल, म्हणजे डम्प, जपून ठेवतो. 'हाय' म्हणजे 4 जीबीच्या वर राखलेली जागा, 'लो' म्हणजे खालची.

'नवीन' कसलं? एक्स86वर, म्हणजे नेहमीच्या इंटेल-एएमडी प्रोसेसरवर, हा फॉलबॅक 2019 साली आला.

'क्रॅश झाला की शोधतो' ही तर थापच. जागा राखली जाते बूट होताना. आधी 4 जीबीच्या खाली बघायचं, नाही मिळाली तर वर जायचं, एवढाच फॉलबॅक. पत्ता ठरवून मागितलात तर तोही नाही.

खरा घात लो शून्य करण्यात आहे. क्रॅशनंतर उठणारा दुसरा कर्नल राखीव जागेतच जगतो. त्याला डम्प डिस्कवर लिहायचा असतो आणि 32-बिट डीएमएवाल्या (प्रोसेसरला न विचारता थेट रॅममध्ये वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या) डिस्क कंट्रोलरला 4 जीबीच्या वरचं काही दिसत नाही. डेटा तात्पुरता ठेवायचा मधला बफर खालीच लागतो. कर्नलच्या दस्तऐवजात त्यासाठी किमान 64 एमबी आणि वर 32 केबी असं लिहून ठेवलंय. तो नसेल तर डिस्कच हाती लागत नाही आणि डम्प गेला. कोड बघा: फॉलबॅकने वरची जागा मिळाली पण खालची नाही मिळाली, तर कर्नल वरचीही सोडून देतो. लिहिणाऱ्यांनाच ती एकटी कुचकामी वाटते, मग मेसेजवाल्याला काय जास्त कळतं?

बरं, 256चा आकडा खोटा नाही. 512 एमबी मागितले आणि फॉलबॅक वर गेला, तर एक्स86वर खालचे निदान 256 धरून 768 जातात. सगळी उपकरणं 64-बिट डीएमए करणारी असतील तर शून्यही चालून जातं, पर्याय आहेच तो. पण तुमच्या मशीनवर तसं आहे हे मेसेजवाल्याला कुठून ठाऊक?

रॅम वाया म्हणाल तर छोट्या टेस्ट व्हीएमवर (व्हर्च्युअल मशीनवर) केडम्प, म्हणजे ही डम्प घ्यायची सगळी सोयच, बंद ठेवा, कोण अडवतंय.

भाच्याला सांगितलंय: रूट (अ‍ॅडमिन) होऊन /proc/iomem ही फाइल बघ. 'क्रॅश कर्नल'च्या दोन ओळी दिसल्या तर एक वरची, एक खालची. खालचीला हात लावू नकोस. मग मेंटेनन्सच्या वेळात /proc/sysrq-trigger या फाइलमध्ये 'c' लिहून मशीन मुद्दाम पाड आणि /var/crash फोल्डरात डम्प आला का ते बघ.