आवाजाचं रडगाणं पुरे, वजनाचं बोला

इलेक्ट्रिक गाड्यांच्या रेसला आवाजच नाही, ही तक्रार नेहमीची. मीही ती करायचो. २०१३च्या ऑक्टोबरात आम्ही चौघे मित्र ग्रेटर नोएडाला फॉर्म्युला वन बघायला गेलो होतो. पार्किंगमधून स्टँडकडे चालतानाच तो आवाज आला आणि आमचं बोलणं थांबलं. २.४ लिटरचं व्ही-८ इंजिन, मिनिटाला १८ हजार फेरे. तो आवाज कानाला नंतर कळतो, आधी छातीत बसतो. जर्मन ड्रायव्हर वेटेलने त्या दिवशी रेसही मारली आणि चौथं जगज्जेतेपदही. मग प्रेक्षकांसमोर गाडी गरागरा फिरवली आणि खाली उतरून तिला चक्क नमस्कार घातला. (टीमला त्याचा दंड बसला, ते सोडा.) पुढच्या मोसमात व्ही-८ गेलं, १.६ लिटरचं टर्बो हायब्रिड, म्हणजे विजेच्या मोटरची जोड असलेलं इंजिन आलं. आपल्याकडची रेसही तेव्हाच गेली.

११ फेब्रुवारी २०२३. या वेळी नऊ वर्षांच्या भाच्याला घेऊन हैदराबादला, फॉर्म्युला ई म्हणजे विजेवरच्या गाड्यांची रेस बघायला. हुसेनसागरच्या काठावरची रेस, आणि पुण्याहून गाडीही हुसेनसागर एक्सप्रेसच धरली!

खरं सांगतो, पहिली पाच मिनिटं फसवल्यासारखं वाटलं. शेजारच्या घरात मिक्सर चालू असावा तशी एक शीळ, बास. मग हळूहळू बाकीचे आवाज कानात यायला लागले. टायरचं किंचाळणं, गाडीचं पोट रस्त्याला घासल्याची खरखर, जॅग्वार टीमच्या दोन्ही गाड्या एकमेकींवर आदळल्या तेव्हा पब्लिकमधून निघालेला 'अरेरेरे'. भाचा अखंड प्रश्न विचारत होता आणि मला ते सगळे ऐकू येत होते. नोएडाला आम्ही खाणाखुणांवर दिवस काढला होता.

म्हणून 'आवाज नाही तर रेस कसली' हे आता मला पटत नाही. आवाजाची सवय होते, नसण्याचीही होते. इलेक्ट्रिकची खरी अडचण वेगळीच आहे.

लाइट बिलाच्या भाषेत सांगतो. एक किलो पेट्रोलमध्ये साधारण १२ युनिट ऊर्जा असते. एक किलो बॅटरी सेलमध्ये जेमतेम पाव युनिट. फॉर्म्युला वनची गाडी ३०० किलोमीटरच्या रेससाठी ११० किलोपर्यंत इंधन घेऊन निघायची, म्हणजे १३०० युनिट. आमच्या घराचं सहा महिन्यांचं बिल. त्यातली निम्मी ऊर्जा उष्णतेत गेली असं धरलं तरी उरलेल्या साडेसहाशे युनिटसाठी अडीच टनांहून जास्त सेल लागतील. ब्रेक मारताना निम्मी वीज परत मिळवली तरी सव्वा टन. आणि अख्खी गाडी ८०० किलोच्या आसपासची! फॉर्म्युला ईच्या पहिल्या चार मोसमांत ड्रायव्हर अर्ध्या रेसमध्ये पिटमध्ये येऊन चक्क दुसऱ्या गाडीत बसायचे, ते याचमुळे.

आता बॅटरी रेसभर पुरते, पण पुरवून पुरवून वापरावी लागते. पुढे जाणारा वारा कापतो, मागचे त्याच्या आडोशाने वीज वाचवतात. मग काही रेसमध्ये पुढे जायलाच कोणी तयार नसतो. 'आधी तू, नाही नाही, आधी तू.' रेस आहे की लग्नाची पंगत? मला खटकतं ते हे. शांतता नाही.

मोटारसायकलवर तर वजन लपवायला जागाच नाही. मोटोजीपी या पेट्रोल बाइकच्या रेसमध्ये १५७ किलोची किमान मर्यादा, तिच्या इलेक्ट्रिक भावंडाची, मोटोईची, डुकाटी २२५ किलोची. मोटोईची रेस सात-आठ लॅपमध्ये आटोपायची. २०१९ला सुरू झालेली ही मालिका २०२५नंतर थांबवली. कोणी फारसं रडलंही नाही.

पण अंतर कमी असेल तर हीच बॅटरी भल्याभल्यांना पाणी पाजते. अमेरिकेतला पाइक्स पीकचा घाट, २० किलोमीटर, १५६ वळणं, शेवट १४ हजार फुटांवर. वर हवा विरळ होते, इंजिनला धाप लागते. मोटरला हवा लागतच नाही. २०१८ मध्ये रोमाँ द्युमाने फोक्सवागनची आयडी आर तिथे ७ मिनिटं ५७ सेकंदांत चढवली. आठ मिनिटांच्या आत तिथे आधी कोणीच पोचलं नव्हतं.

तेव्हा माझं मत असं: घाट, ड्रॅग (सरळ पट्ट्यावरची छोटी शर्यत), कार्टिंग, शहरातल्या छोट्या रेस इलेक्ट्रिक घेऊन जाईल, आणि खुशाल न्यावं. लांब पल्ल्याला इंजिन अजून बरीच वर्षं हटत नाही. २०२६पासून फॉर्म्युला वननेही ताकद इंजिन आणि विजेत जवळपास निम्मी-निम्मी वाटून घेतलीय. आणि उद्या रस्त्यावरचं शेवटचं पेट्रोल इंजिन बंद पडलं तरी ट्रॅकवर ते राहावं असं मला वाटतं. मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या गेल्या, महालक्ष्मीला घोडे पळतातच ना. (सायलेन्सर बदलून रात्री बारा वाजता गल्लीत बुलेट फोडणाऱ्यांनी या वाक्याचा आधार घेऊ नये. तुमची शर्यत कोणाशी आहे, हेच कळत नाही.)

परतीच्या गाडीत भाचा बर्थवर पालथा पडून खेळण्यातली गाडी पळवत होता. आम्ही लहानपणी तोंडाने 'भुर्रूमऽऽ' करायचो. हा दात मिटून, सोलापूर येईपर्यंत, 'झिंऽऽऽ' करत होता. समोरच्या काकूंनी शेवटी विचारलं, याचा दात दुखतोय का?