मृत्युपत्रातल्या एका ओळीने ४०१-के फ्रॅटर्निटीला जात नाही

अमेरिकेतल्या निवृत्त मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: कॉलेजातल्या फ्रॅटर्निटीचं (विद्यार्थ्यांच्या बंधुसंघाचं) ऋण फेडायचंय? मृत्युपत्रात एक ओळ टाका आणि रिटायरमेंट अकाउंट तिच्या नावे करा. कर शून्य, घरात कुणाची संमती नको, मुलांचंही काही जात नाही. हेतू चांगलाच आहे, पण लिहिणाऱ्याने खात्याचा फॉर्म उघडून पाहिलेला दिसत नाही.

मृत्युपत्राची ओळ. आपली सगळ्यात मोठी गफलत इथे होते, कारण आपण भारतातली सवय घेऊन आलोय. तिकडे नॉमिनी सहसा विश्वस्त असतो, मालक वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राने ठरतो. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हे २०२३ साली साळगावकर कुटुंबाच्या खटल्यात पुन्हा स्पष्ट केलं. अमेरिकेत नेमकं उलटं आहे. ४०१-के (नोकरीतलं निवृत्ती खातं) असो वा आयआरए (स्वतः उघडलेलं निवृत्ती खातं), बेनिफिशियरी फॉर्मवर, म्हणजे पैसे कुणाला द्यायचे हे नोंदवणाऱ्या फॉर्मवर, ज्याचं नाव त्याचे पैसे. मृत्युपत्रात काही का लिहिलेलं असेना. ड्यूपाँटमधल्या केनेडी नावाच्या कर्मचाऱ्याचा घटस्फोट झाला, बायकोने बचत योजनेवरचा हक्क सोडला, पण फॉर्मवरचं तिचं नाव तसंच राहिलं. तो गेल्यावर सुमारे ४ लाख डॉलर तिलाच मिळाले, आणि २००९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने योजनेचं बरोबर ठरवलं. घटस्फोटाच्या हुकुमापुढेही फॉर्म टिकतो, तिथे मृत्युपत्रातल्या ओळीचं काय घेऊन बसलात!

‘संमती नको.’ आयआरएबद्दल हे बऱ्याच राज्यांत चालून जातं. कॅलिफोर्निया, टेक्साससारख्या ठिकाणी मात्र लग्नानंतरच्या कमाईत जोडीदाराचा अर्धा वाटा असतो. ४०१-केला तर जोडीदाराची लेखी संमती लागतेच, तीही नोटरीसमोर किंवा योजनेच्या प्रतिनिधीसमोर. बायकोला न सांगता दान करायचा बेत असेल तर तो इथेच संपला.

कर शून्य? फ्रॅटर्निटी ही सहसा ५०१(सी)(७) वर्गातली, म्हणजे कायद्याच्या नजरेत सोशल क्लब. तिला दिलेल्या पैशावर देणगीची वजावट नाही. धर्मादाय दर्जा असतो तो तिच्या वेगळ्या फाउंडेशनला, ५०१(सी)(३) वर्गातल्या. तिथे पैसा शिष्यवृत्तीला, प्रशिक्षणाला जातो. चॅप्टरच्या, म्हणजे कॉलेजातल्या स्थानिक शाखेच्या, घरातल्या पार्टी हॉलला नाही. खूप जणांना नेमकं तेच घर डोळ्यांसमोर असतं, त्यांनी हे आधी समजून घ्यावं.

मुलांच्या मुद्द्यात अर्धं तथ्य आहे. १ लाख डॉलरचा पारंपरिक आयआरए मुलीला दिला तर काढलेली रक्कम तिच्या उत्पन्नात धरली जाते. २४ टक्क्यांच्या टप्प्यात ती असेल तर फेडरल कर जाऊन हाती ७६ हजार. शिवाय २०२० पासून बहुतेक मुलांना सगळं खातं १० वर्षांत रिकामं करावं लागतं. फाउंडेशनला मात्र पूर्ण लाख पोचतात. घर, शेअर्स यांची मूळ किंमत मृत्यूच्या दिवसाच्या बाजारभावाने नव्याने धरली जाते, त्यामुळे विकताना आधीच्या वाढीवर कर लागत नाही, म्हणून ते मुलांना द्यावेत, रॉथही (कर आधीच भरलेलं निवृत्ती खातं) मुलांनाच. पण मुलांना देण्यासारखं आयआरएशिवाय फारसं नसेल, तर ‘काही जात नाही’ हे कुठल्या तोंडाने म्हणायचं?

आणि मरेपर्यंत थांबायचं तरी कशाला? साडेसत्तर वर्षं पूर्ण झाली की आयआरएतून थेट फाउंडेशनला पैसे पाठवता येतात. २०२५ साठी मर्यादा १,०८,००० डॉलर होती. ती रक्कम उत्पन्नात धरत नाहीत, आणि ७३ व्या वर्षापासून सक्तीने काढावी लागणारी रक्कमही त्यातूनच वळती होते. ४०१-केतून हे जमत नाही. तो आधी आयआरएत वळवावा लागतो.

फॉर्मवर नुसतं फ्रॅटर्निटीचं नाव लिहू नका. चॅप्टर, राष्ट्रीय संघटना, घराची मालकी असलेली कंपनी आणि फाउंडेशन या चार वेगळ्या संस्था असू शकतात, आणि रॅगिंगच्या प्रकरणात चॅप्टर बंदही होतो. फाउंडेशनचं कायदेशीर नाव आणि त्याचा करओळख क्रमांक लिहा. पैसा अमुक शिष्यवृत्तीलाच जावा असं वाटत असेल, तर फाउंडेशनशी तसा वेगळा लेखी करार हयातीतच करून ठेवा. खातं सांभाळणारी कंपनी फॉर्मवरच्या अटी वाचत बसत नाही.